डावखुरीचं नाव

नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. फरक म्हणाल तर एका टिंबाचा. पण ते टिंब ज्याच्या कपाळी बसलं त्याला विचारा! मामांनी ऐन तरुणपणी एका गोगलगायीचं नाव ठेवलं, आणि तेव्हापासून लोकांनी मामांना नावं ठेवली. कितीतरी वर्षं हा हिशेब असाच तुंबून होता. तो कसा फिटला, ते सांगते.

गोगल ही मामांची भाची. आता कुणी आईबाप पोरीचं नाव गोगल ठेवतील का? लहानपणी ती एक घास अर्धा तास चघळायची, बूट घालायला बसली की बाकीचे फिरून परत यायचे, म्हणून मामा तिला गोगलगाय म्हणायला लागले. पुढे डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आला आणि मागची गाय गळून नुसती गोगल राहिली. मोठी झाल्यावर तिला संग्रहालयात नोकरी लागली, ती नेमकी शंख-शिंपल्यांच्या विभागात. मामी म्हणाल्या, "नावातच होतं मेलीच्या."

मामा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पक्के डावखुरे. फळ्यावर लिहीत पुढे जायचे आणि लिहिलेलं स्वतःच्याच कोटाच्या बाहीनं पुसत जायचे. जेवताना त्यांचा डावा कोपर शेजारच्याच्या बरगडीत बसायचा. ती शेजारची जागा मामींची. रोज कोपर खायच्या, रोज "अहो, माणूस बसलंय इथे!" म्हणून ओरडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसायच्या.

गोगल सुट्टीत मामांकडे आली की जेवणाच्या टेबलावर शाळा भरायची. मामा समोरच्या कांद्याकडे बोट दाखवणार, दारातल्या मांजराकडे दाखवणार, आणि म्हणणार, "शास्त्रीय नाव लिही." ते दोन शब्दांचं असतं, जगातल्या प्रत्येक जिवाचं. "पहिला शब्द म्हणजे आडनाव समज. सगळ्या भावंडांचं एकच. दुसरा शब्द ज्याचा त्याचा. लिहायचं इंग्रजी अक्षरांत. आडनावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं, नावाचं लहान. छापलं तर तिरप्या अक्षरात, हातानं लिहिलं तर खाली रेघ. आणि रेघा दोन! दोन शब्दांखालून एकच लांबलचक रेघ ओढलीस की अर्धा मार्क गेला."

"नवरा-बायकोला एक पांघरूण पुरतं," मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "तुमच्या शब्दांनाच बरी दोन-दोन रेघांची चैन!"

"पांघरूण कोण ओढून घेतं ते सांगू का पोरीला?"

की आतून भांड्यांचा आवाज वाढायचा.

तर ती गोगलगाय. मामांचं नवीन लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या प्रयोगशाळेमागे एक ओलसर पडकी भिंत होती, तिच्या फटीत मामांना एक रिकामा शंख मिळाला. तांदळाच्या दाण्याएवढा. तसले शंख त्या गावात पैशाला पासरी, पण मामांनी तो नखावर घेऊन भिंगाखाली धरला आणि पुन्हा पुन्हा वळवून पाहिला. गोगलगायीचा शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला, तर तोंड उजव्या हाताला येतं. जवळजवळ सगळ्यांचं तसंच. या शंखाचं तोंड डाव्या हाताला होतं. मामा घरी धावत आले आणि दारातूनच ओरडले, "अगं, माझ्यासारखी सापडली!"

एवढा एकच शंख. भिंत पिंजून काढली तरी दुसरा मिळाला नाही, आणि वर्षभरात ती भिंतही पाडली. पण मामांची खात्री होती की ही वेगळीच जात आहे. त्यांनी तिचं रीतसर वर्णन लिहिलं, फोटो काढला आणि नाव ठेवलं. पहिला शब्द गावभर सापडणाऱ्या त्या नेहमीच्या उजव्या गोगलगायीचाच, कारण त्यांना ती तिचीच बहीण वाटली. दुसरा शब्द, वामा.

वामा म्हणजे डावी. आणि वामा म्हणजे बाई, बायको, असाही अर्थ आहे. मामींनी तो बरोबर उचलला. त्यांनी विचारलं, "माझ्यावरून ठेवलंत?" मामा नुसते हसले. हो नाही की नाही नाही. मग मामींनी लेखातलं नाव नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ते आडनाव केवढ्या थोरल्या अक्षरानं, आणि मी लहान अक्षरात! म्हणजे घरात धाकटी सून, आणि इथेही मी धाकटीच का?"

"नियम आहे," मामा म्हणाले.

नियम आणखीही एक आहे. ज्या शंखावरून नाव ठेवलं तो मूळ शंख स्वतःच्या कपाटात ठेवून चालत नाही. तो अशा जागी द्यायचा की ज्याला शंका येईल त्याला बघता यावा. मामांनी तो संग्रहालयाला दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण संग्रहालयाच्या नियतकालिकात लेख छापून आला आणि त्यात फोटो उलटा. आरशात बघावा तसा! छापखान्यातल्या कुणीतरी फोटोची काच पालथी लावली असेल. कुणाला काय त्याचं, तांदळाएवढ्या शंखाचं तोंड इकडे काय आणि तिकडे काय. पण झालं असं की लेखात ठासून लिहिलेलं, तोंड डावीकडे, आणि खाली फोटोत शंख ठणठणीत उजवा. तेव्हा संग्रहालयात थोरले साहेब होते. शंखांच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी पुढच्याच अंकात एक ओळ लिहिली: ही आपली नेहमीचीच उजवी गोगलगाय असून लेखकास डावे-उजवे कळत नसावे.

एक ओळ! मामा संग्रहालयात गेले, म्हणाले, "साहेब, फोटो सोडा, शंख बघा." साहेब म्हणाले, "चित्रात दिसतंय की." खणाची किल्ली त्यांच्याकडे, मामा बाहेरचे. शंख कुठल्यातरी उजव्यांच्या खणात जाऊन पडला आणि वामा हे नाव बाद नावांच्या यादीत. कॉलेजातल्या पोरांना आयतंच कोलीत मिळालं. मामांचं नाव पडलं, 'डावंउजवं सर'. मामा त्यांच्याबरोबर हसायचे. पण त्यानंतर गोगलगायींवर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. मामी मात्र हसल्या नाहीत. "डावखुरा म्हणून डावललं माझ्या माणसाला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि बिचाऱ्या ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही.

आता इकडे या. थोरले साहेब जाऊन जमाना झाला. मामा निवृत्त झाले, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. गोगल संग्रहालयात लागली खरी, पण हंगामी. दर वर्षी नेमणूक नव्यानं व्हायची. तिच्या वरिष्ठ होत्या मॅडम. बाई करड्या, पण सरळ. त्यांच्याकडे रडून काम होत नसे आणि गोड बोलूनही होत नसे.

एक दिवस गोगल गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरामागे गेली होती. तिथे एक नळ बारमाही गळतो, त्यामुळे मागची भिंत हिरवीगार शेवाळलेली. तिनं नेहमीच्या सवयीनं शेवाळाचा एक तुकडा उचलला आणि भिंग लावलं. तांदळाएवढी एक गोगलगाय, जिवंत, शिंगं बाहेर काढून चाललेली. तोंड डावीकडे. गोगलनं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. डावीकडेच. दुसरी उचलली, डावी. तिसरी, डावी. त्या भिंतीवर होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या डावखुऱ्या! तिथे पंपाचा धडधडाट चालला होता, त्या आवाजात ती एकटीच मोठ्यानं हसत सुटली. पंपावरचा माणूस बाहेर येऊन बघून गेला.

प्रयोगशाळेत तिनं काही उघडून आतून तपासल्या. उजव्या गोगलगायीशी त्यांचं काही म्हणता काही जुळेना. बहीण सोडाच, चुलतबहीणही नव्हे. त्या भलत्याच कुळातल्या निघाल्या, ज्यातले झाडून सगळे डावेच असतात असल्या एका आडनावाच्या. म्हणजे मामांची जात खरी होती. फक्त आडनाव त्यांनी चुकीचं लावलं होतं.

मॅडमनी सगळं पाहिलं आणि पहिल्यांदाच खुर्ची मागे सारून उठल्या. "नवी जात आहे ही. लिहून काढ. नाव तू ठेव. नाव ठेवणारी म्हणून त्याच्यापुढे तुझं आडनाव छापलं जाईल, आणि मग तुला कायम करायला मी कुणाशीही भांडेन."

"नाव आहे तिला, मॅडम. वामा. माझ्या मामांनी ठेवलंय."

मॅडमना ती जुनी गोष्ट ठाऊक होती, संग्रहालयात ती चहाबरोबर सांगितली जाई. त्या पुन्हा बसल्या. "हे बघ. मामांच्या फोटोत शंख उजवा आहे. तुझ्या भिंतीवरच्या डाव्या आहेत. मामांची वामा म्हणजे हीच, हे कशावरून? मूळ शंख दाखव. तो डावा निघाला, तर जुनं नाव खरं, कारण पहिलं नाव ते खरं नाव. नाही निघाला, तर ते नाव मेलं, आणि हिला नवं नाव. नियमाला मामा-भाची कळत नाहीत."

"शंख इथंच असेल, मॅडम. उजव्यांच्या खणांत."

"उजव्यांचे खण पाहिलेस का कधी? अंक छापायला जायच्या आत सापडला तर बघू. नाहीतर तुझं नाव." मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "अगं, दोन्हीकडून तुझा फायदाच आहे."

काय फायदा, सांगा! शंख नाही सापडला तर गोगलचं नाव होणार, नोकरी कायम होणार, आणि मामांच्या नावावर शेवटचा दगड त्यांच्या लाडक्या भाचीच्याच हातानं बसणार. त्या रात्री ती जेवलीच नाही. सकाळी उठून मामांकडे गेली आणि भडाभडा सगळं सांगून टाकलं.

मामा डावीकडे मान कलती करून ऐकत होते. जिवंत सापडल्या म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला की गोगलला रडू आलं. "भिंतभर?" ते विचारत राहिले. "भिंतभर? सगळ्या?" मग पुढचं ऐकून म्हणाले, "तुझं नाव लाव. माझं काय, पिकलं पान. मी बरोबर होतो हे मला कळलं, आणखी काय पाहिजे?" 

"अजिबात नाही!" मामी हातातलं फडकं टाकून उभ्या राहिल्या. "म्हणे आणखी काय पाहिजे! मला पाहिजे. इतकी वर्षं माझं नाव बाद यादीत आहे, ते काढून घेतल्याशिवाय मी मरायची नाही. गोगल, तो खण उघड. बघते कसा सापडत नाही."

आणि त्या खरोखरच आल्या. मॅडमनी आधी भुवया वर केल्या, मग एक टेबल दिलं. अट एकच, प्रत्येक शंख जिथला तिथे परत गेला पाहिजे.

गोगलगायी तशा गरीब दिसतात, पण पोटात पाय असतात म्हणतात ना, ते उजव्यांचे खण उघडल्यावर पटलं. सगळ्यात नेहमीची जात, त्यामुळे जो तो येऊन ओतून गेलेला. कुण्या हौशी माणसानं बाटली भरून दिलेले, कुण्या शाळेनं डबा भरून. काचेच्या नळ्यांवर नळ्या, आणि एकेका नळीत मूठ-मूठभर तांदूळ. त्यातल्या कित्येक नळ्यांवर चिठ्ठीच नाही, वाळवी चिठ्ठी खाऊन गेलेली.

गोगलनं टेबलावर काळं कापड अंथरलं. नळी ओतायची, बारीक ब्रशनं प्रत्येक शंखाचं टोक वर करायचं, तोंड पाहायचं, उजवं, बाजूला. पुढचा. उजवं, बाजूला. मामांना दिसत नव्हतं. ते नळ्यांची बुचं काढून द्यायचे, रिकाम्या झाल्या की भरून परत बसवायचे, आणि तोंडानं अखंड बडबड. मामी एका बाजूला, गोगल दुसऱ्या बाजूला. दिवसामागून दिवस. गोगलचे डोळे इतके शिणले की तिला सगळंच उजवं दिसायला लागलं. घराच्या दाराची मूठसुद्धा.

"मामी, आपल्या नजरेतून सुटून गेला असला तर?"

"डाळ-तांदूळ निवडता निवडता केस पिकले माझे. खडा कधी सुटला का? तुझ्या मामांनाच विचार."

"एकदा दाढेखाली आला होता," मामा म्हणाले.

"तो तुम्ही निवडला होता!"

अंकाची तारीख जवळ आली. मॅडम रोज दारातून डोकावून जायच्या, विचारायच्या काही नाहीत. गोगलनं गुपचूप दुसरं नावसुद्धा शोधून ठेवलं होतं, आणि ते शोधलं याचीच तिला लाज वाटत होती. शेवटच्या खणातल्या थोड्याच नळ्या उरल्या होत्या. त्या दुपारी मामांची बडबडही थांबली होती.

"हे काय," मामी म्हणाल्या. "ह्याला कितीही सरळ केलं तरी पाठमोराच बसतोय."

गोगलनं वर पाहिलं. मामींच्या ब्रशाच्या टोकापाशी एक शंख. बाकी सगळे एका तोंडानं बसलेले, आणि हा रुसलेल्या पाहुण्यासारखा दुसरीकडे बघत. मामी तो पुन्हा वळवायला गेल्या.

"मामी, थांबा! हात लावू नका!"

तिनं भिंग धरलं. टोक वर. तोंड आपल्याकडे. तोंड डावीकडे.

"डावा आहे," ती म्हणाली.

पण इतक्यात नाचायचं नाही, हे तिला माहीत होतं. उजव्यांत लाखात एखादा डावा निपजतोच, मॅडम हेच म्हणणार. हा मामांचाच कशावरून? तिनं मामांच्या लेखातला तो बदनाम फोटो मोठा करून पारदर्शक कागदावर छापून घेतला होता. त्यात शंखाच्या ओठाला एक टवका उडालेला, आणि वरच्या दुसऱ्या वेढ्यावर नागमोडी चीर. तिनं शंख तेवढाच मोठा करून पडद्यावर आणला. ओठाला टवका होता. दुसऱ्या वेढ्यावर चीर होती. फक्त सगळं विरुद्ध बाजूला. मग तिनं पारदर्शक कागद उचलला, पालथा केला, आणि पडद्यावर ठेवला.

टवक्यावर टवका बसला. चिरेवर चीर बसली, नागमोडीसकट.

मॅडमना बोलवायला जावं लागलं नाही, त्या दारातच होत्या. त्यांनी येऊन स्वतः कागद सुलटा ठेवला, पालथा ठेवला, पुन्हा सुलटा, पुन्हा पालथा. मग मामांकडे वळल्या. "सर, छापखान्यानं फोटो उलटा छापला. तुम्हाला डावं-उजवं चांगलं कळत होतं. आम्हीच इतकी वर्षं खण उघडला नाही. संग्रहालयाच्या वतीनं मी तुमची माफी मागते."

मामांनी डावा हात पुढे केला. ते म्हणाले, "माझ्या हातावर ठेवता का जरा?" गोगलनं शंख त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवला. दिसत तर नव्हता. त्यांनी उजव्या हाताचं नख हलकेच त्याच्यावरून फिरवलं, टोकापासून खाली, आणि नख जिथे अडकलं तिथे थांबले. "डावीच आहे गं," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मामींनी पदरानं त्यांचे डोळे पुसले, मग स्वतःचे, मग त्याच पदरानं गोगलचा चष्मा. बाई कमालीची!

गोगलनं लेख नव्यानं लिहिला. शोधून ठेवलेलं ते दुसरं नाव तिनं फाडून टाकलं. मधल्या काळात मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. किती दिवस टाळत होते, पण आता म्हणाले, अंक येईल तो मी माझ्या डोळ्यांनी वाचणार.

अंक आला. गोगल तो घेऊन धावत घरी आली. गोगलगायीला इतकं धावताना त्या रस्त्यानं कधी पाहिलं नसेल. पण दारातच मामींनी तो हिसकावला. त्यांना हवं ते पान बरोबर सापडलं. वर तिरप्या अक्षरांत ते लांबलचक नवं आडनाव, त्यापुढे लहान अक्षरात वामा, त्यापुढे मामांचं आडनाव आणि जुनं साल. मामींचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम काळवंडला.

"हे काय गं? ह्यांचं नाव कंसात?"

"मामी, ते..."

"कंसात! म्हणजे पुन्हा शंकाच ना? म्हणजे आहे पण नसल्यासारखं! भाषेच्या पुस्तकात नको असलेलं कंसात टाकतात, मला काय शिकवतेस? एवढे डोळे फोडून शंख काढून दिला, आणि तुझ्या त्या मॅडमनी माझ्या माणसाला कंसात कोंडलं? आणि तू बघत बसलीस?"

गोगल तोंड उघडणार, तोवर मामांनी हात पुढे केला. अंक घेतला, नव्या डोळ्यांपासून हातभर लांब धरला. एकेक अक्षर वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मामींना वाटलं, लागलं बिचाऱ्यांच्या जिवाला. आणि मग मामा हसायला लागले. असे हसले की खुर्ची करकरली.

"अगं वेडे, हा कंस म्हणजे मानाचा फेटा आहे! ऐक. मी हिला नाव दिलं, आणि आडनाव चुकीचं लावलं. उजव्यांच्या घरात नेऊन बसवली होती मी हिला. गोगलनं तिला तिच्या खऱ्या घरी पोचवलं. आडनाव बदललं. पण नाव? नाव मी ठेवलं तेच. असं झालं की नाव ठेवणाऱ्याला कंसात लिहायचं, हा नियम आहे. ज्याचं नाव घर बदलूनही टिकलं, त्यालाच कंस मिळतो. बाद झालेल्याला नाही मिळत."

मामी विचारात पडल्या. "म्हणजे पोरगी सासरी गेली, आडनाव बदललं, तरी बापानं ठेवलेलं नाव तेच राहिलं, आणि लोक बापालाही विसरले नाहीत?"

"हे मी वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण इतक्या सोप्या शब्दांत मला जमलं नाही."

"मग आधी नाही का सांगायचं!" मामींनी अंक परत ओढून घेतला आणि त्या दोन वाकड्या रेघांवरून बोट फिरवलं. मग खुदकन हसल्या. "गोगल, तुझा मामा आता खराखुरा कंसमामा झाला हो!"

आणि ते नाव पडलं ते पडलंच. कॉलेजात जाऊन पोचलं, संग्रहालयात पोचलं. 'डावंउजवं सर' कुणाच्या आठवणीतसुद्धा उरलं नाही. गोगलची नेमणूक कायम झाली. मॅडमनी वर लिहून पाठवलं की नवी नावं ठेवणारे पुष्कळ मिळतात, जुनं नाव हक्काच्या जागी बसवणारं माणूस आम्हाला सोडायचं नाही. आणि भांडल्या म्हणे त्यासाठी, शब्द दिला होता तशा.

उरलं एकच काम. मूळ शंखाला आता स्वतंत्र डबी मिळाली, आणि डबीत, मूळ शंखांना असते तशी, लाल कडेची चिठ्ठी ठेवायची होती. मॅडमनी ती छापून घेतली नाही. मामांना बोलावलं आणि त्यांच्यापुढे पेन ठेवलं. "सर, तुमच्या हातानं."

मामा टेबलाशी बसले. मामी शेजारी, डावीकडे, नेहमीच्या जागी. गोगल आणि मॅडम मागे उभ्या. मामांनी पेन डाव्या हातात घेतलं. आधी ते लांबलचक आडनाव, मोठ्या अक्षरानं सुरू. मग वामा, लहान अक्षरानं. पहिल्या शब्दाखाली रेघ. पेन उचललं. दुसऱ्या शब्दाखाली रेघ.

मामी वाकून बघत होत्या. "मधे जागा सोडलीत ना? नाहीतर अर्धा मार्क जायचा."

"सोडली, सोडली."

मग मामांनी कंस उघडला. आपलं आडनाव लिहिलं, साल लिहिलं, आणि कंस बंद केला, तो असा ऐटीत की शेवटचा फटकारा चिठ्ठीच्या कडेपर्यंत गेला. मॅडमनी टाळी वाजवली. गोगलनं तर दोन्ही हात वर केले. मामांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाव काढलंस गं, गोगलगायी."

"ते असू दे," मामी म्हणाल्या. "आता सगळं झालं, आता तरी सांगा. वामा म्हणजे डावी, की वामा म्हणजे मी?"

मामांनी पेनाला टोपण लावलं. लावताना त्यांचा डावा कोपर सवयीप्रमाणे जाऊन मामींच्या बरगडीत बसला.

"माझ्या डाव्या हाताला जन्मभर कोण बसलंय ते बघ," मामा म्हणाले, "आणि तूच सांग."

मामींनी एकदा कोपराकडे पाहिलं, एकदा चिठ्ठीकडे. आणि तसूभरही सरकल्या नाहीत.